पुढच्या गुरुवारी

किल्ल्या करून देणाऱ्याच्या यंत्रातून पितळेचा बारीक भुगा उडाला आणि मेरेरिदला शिंक आली. शिंकेच्या झटक्याने हातातली जुनी किल्ली निसटून नेमकी गटाराच्या जाळीशी जाऊन पडली, आणि ती उचलायला वाकताना तिच्या तोंडून एक शब्द निघून गेला. शिवीच म्हणायची, पण घरगुती. तिच्या गावी, पेनवेलिनमध्ये, आया धपाटा घालण्याआधी मुलांना देतात तसली. कार्डिफच्या त्या उंच छपराच्या बाजारात इंग्रजीचा नुसता कल्लोळ चाललेला. त्यात हा शब्द कुणाला ऐकू जाईल असं तिला वाटलं नव्हतं. पण मागे उभी असलेली, मासळीचं पुडकं छातीशी धरलेली एक म्हातारी पुढे वाकली आणि वेल्शमध्ये म्हणाली, "पेनवेलिनकडची ना गं तू?" मेरेरिदने मान हलवली. म्हातारीने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कुणाची?"

चोवीस वर्षं ती या शहरात राहत होती. काय करता, कुठे राहता, या आठवड्यात काय पाहिलंत, असं सगळं लोक विचारत. कुणाची, हे कुणी विचारलं नव्हतं. प्रश्न कानांतून न जाता थेट पोटात गेला आणि तिथूनच उत्तर आलं, तिने न ठरवता. "इद्वलची. खिळेवाल्या इद्वलची." गावात आडनावं मोजून चार, त्यामुळे माणसाच्या नावाला धंदा चिकटवल्याशिवाय तो सापडायचा नाही, शहरात आल्यावर मात्र तिने स्वतःच्या नावामागचे ते खिळे पहिल्या आठवड्यातच उपटून टाकले होते. म्हातारीचा चेहरा उजळला. "अगं बाई, इद्वलची पोर! मग मला सांग, त्या एलिनेदबाईंची बिजागरी आली का शेवटी?" म्हातारी सांगू लागली, की ती टेकडीपलीकडच्या वस्तीतली, लग्न होऊन इकडे आली तेव्हा त्या बिजागरीला पाच वर्षं झाली होती. पुढे थोरली बहीण दर पत्राच्या शेवटी कळवायची, अजून आली नाही म्हणून. मग बहीण गेली आणि कळवणारं कुणी उरलं नाही. "आली का गं?"

"मला माहीत नाही," मेरेरिद म्हणाली.

"कमाल आहे! तुझ्या बापाच्या दुकानातली गोष्ट, आणि तुला माहीत नाही? काय करतेस तरी काय तू?" आणि उत्तराची वाट न पाहता म्हातारी गर्दीत गेली, मासळीचा वास तेवढा मागे ठेवून.

नव्या किल्लीला अजून ऊब होती. ती मुठीत धरून मेरेरिद घराकडे चालत निघाली, आणि चालता चालता तिच्या लक्षात आलं की आपण हसतो आहोत. काय करतेस? नाटकं लिहिते. सहा नाटकं लिहिली होती तिने, सगळी इंग्रजीत, सगळी एका खोलीत घडणारी, आणि त्यांतल्या माणसांना नावंसुद्धा नव्हती. एक उंच आणि एक बुटका, किंवा पहिली बाई आणि दुसरी बाई. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं होतं. पहिल्या नाटकाला बाबा आले होते, कोट घालून, बसने चार तास. प्रयोग संपल्यावर तिने विचारलं, कसं वाटलं? बाबांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "खुर्च्या चांगल्या होत्या." पुढच्या पाच नाटकांना ते आले नाहीत, तिनेही आग्रह केला नाही. सातवं नाटक नाट्यगृहाला मे महिन्यात द्यायचं होतं, जानेवारीपासून तिने साठ पानं लिहिली होती, आणि नाट्यगृह चालवणारी कारिस, जी तिची मैत्रीणही होती, ती पानं वाचून म्हणाली होती, "मेरेरिद, तुझ्या नाटकात कुणी काही खातच नाही गं. भूक लागत नाही का त्यांना?" तेव्हा मेरेरिदला राग आला होता. आता तिला एकाएकी कडकडून भूक लागली. बाबा तव्यावर मनुका घातलेल्या गोड टिक्क्या करायचे, आई गेल्यावर शिकलेले, कडा नेहमी करपलेल्या; आणि त्या टिक्क्यांचा वास आणि दुकानातला वास, रॉकेल, दोरखंड, लोखंडाला लावलेलं तेल, हे दोन्ही वास तिच्या मनात कधी वेगळे झालेच नव्हते. बालपण म्हटलं की तिला तेल लागलेली टिक्कीच आठवायची.

आई गेली तेव्हा ती पाच वर्षांची होती. त्यानंतर शाळा सुटल्यावर ती दुकानातच असायची, काउंटरच्या मागे उलट्या घातलेल्या बादलीवर बसून. तिथून तिला माणसं दिसायची नाहीत, नुसती ऐकू यायची. तिने जग आधी असं ऐकूनच ओळखलं. कुणालाही जे हवं ते कुणी सरळ मागायचं नाही. दोरखंड हवा असेल तर माणूस आधी बाबांच्या गुडघ्याची चौकशी करायचा, मग स्वतःच्या मेंढ्यांवर यायचा, मग भावाच्या मेंढ्यांवर, मग भावावर, आणि दाराशी पोचल्यावर वळून म्हणायचा, अरे हो, इद्वल, दोरखंड असेल ना थोडा? बाबांनी तो तोवर मोजून, कापून, बांधून ठेवलेला असायचा. शब्द एकीकडे चाललेले आणि काम दुसरीकडे. आणि गुरुवारी सव्वाचारला दारावरची घंटा वाजायची आणि एलिनेदबाई यायच्या. प्राथमिक शाळेच्या बाई. मेरेरिदलाही पाढे त्यांनीच शिकवले होते. लग्न झालेलं नव्हतं, घरी आजारी आई. स्वयंपाकघरातल्या कपाटाची बिजागरी मोडली होती, पितळेची, डाव्या बाजूची, जुन्या घडणीची. पहिल्या गुरुवारी बाबांनी ती मोडकी बिजागरी तळहातावर घेतली, चष्म्याच्या काडीवर बोट दोनदा टकटक केलं आणि म्हणाले, "ही आता सहज मिळायची नाही. पुढच्या गुरुवारी विचारा." पुढच्या गुरुवारी बाईंनी विचारलं. बाबा म्हणाले, अजून नाही, पुढच्या गुरुवारी बघू. मग चॅपेलमधल्या गाण्याच्या तालमीबद्दल दहा मिनिटं. मग बाईंच्या आईच्या खोकल्याबद्दल. मग वीस मिनिटं, मग तीस. अकरा वर्षं. गुरुवारी सव्वाचार ते पावणेपाच गावातलं दुसरं कुणी दुकानात पाऊल ठेवायचं नाही, खिळा कितीही तातडीने हवा असला तरी. असं कुणी ठरवलेलं नव्हतं, पण पेनवेलिनमध्ये ठरवलेल्या गोष्टींपेक्षा न ठरवलेल्याच जास्त काटेकोर पाळल्या जात. आणि बादलीवर बसलेली मुलगी बिस्कीट चोखत ऐकत राहायची. त्या दोघांच्या आवाजांत काहीतरी होतं ज्याने तिला हमखास झोप यायची, सुखाची.

घरी येऊन तिने कोट न काढताच टेबलावरची साठ पानं उचलून खाली ठेवली आणि कोऱ्या कागदावर वेल्शमध्ये लिहिलं: अजून नाही आली. आणि त्याखाली: पुढच्या गुरुवारी बघू. या भाषेत तिने शाळेनंतर पत्रांशिवाय काही लिहिलं नव्हतं, आणि ही भाषा तर बसल्या जागी बोलायला लागली, जणू इतकी वर्षं दाराबाहेर चपला हातात घेऊन उभीच होती. पुढचे सात आठवडे ती सुखात होती. खिळेवाल्याचा तिने घड्याळजी केला, कारण सरळसरळ बाबा लिहायचा धीर होईना, बिजागरीची घड्याळाची स्प्रिंग झाली, नावं बदलली. पण आवाज बदलले नाहीत. गुडघ्यांची चौकशी करणारे, मेंढ्यांवरून भावावर येणारे, सगळे पाठोपाठ आले, तिला नुसतं लिहून घ्यायचं होतं. रविवारी दुपारी एकटीच बसून ती मोठ्याने हसली तेव्हा वरच्या मजल्यावरच्या माणसाने पायाने ठोकलं, आणि ती वर बघून वेल्शमध्ये ओरडली, "अरे, तू पण ये!" ती भाजी आणायला जाई आणि काय आणायचं ते विसरून येई. तिची मान दुखत नव्हती. इतकी वर्षं लिहिताना मान दुखायची हे तिला ती थांबल्यावर कळलं.

आणि मग एका सकाळी तिने लिहिलं: त्यानंतर बाई आल्या नाहीत. आणि हात थांबला. का नाही आल्या? नाटकात कारण लागतं. तिने बाईंच्या आईचं दुखणं वाढवून पाहिलं, खोटं वाटलं. बदली करून पाहिली; तेही खोटं. ती खिडकीशी गेली, परत आली, चहा केला, प्यायली नाही. कारण तिला ठाऊक होतं. पंचवीस वर्षं ते तिच्या मनात पडून होतं आणि तिने त्यावर सहा नाटकं रचून ठेवली होती. ती सतरा वर्षांची होती. शनिवारच्या नाचाला कुणाच्या तरी थोरल्या भावाने सगळ्यांसमोर चष्म्याच्या काडीवर बोट टकटक करून "पुढच्या गुरुवारी बघू" म्हणून दाखवलं, हुबेहूब, आणि मुली हसून हसून वाकल्या. तीही हसली. सोमवारी शाळेच्या फाटकाशी तिने एलिनेदबाईंना गाठलं. वारा होता, बाईंनी एका हाताने टोपी धरली होती. ती एका दमात म्हणाली, "बाई, तुमची बिजागरी येणार नाही. बर्मिंगहॅमचा कारखानाच बंद पडलाय, सहा वर्षं झाली. बाबांना माहीत आहे. लोक हसतात आम्हाला." बाईंनी हातमोजा काढला, पुन्हा घातला. "बरं केलंस सांगितलंस," एवढंच म्हणाल्या, पाढा बरोबर म्हटल्यावर म्हणायच्या त्याच आवाजात. त्या गुरुवारी सव्वाचारला बाबांनी दाराकडे पाहिलं. साडेचारला त्यांनी एक फळी पुसायला घेतली. पावणेपाचलाही तीच फळी पुसत होते. त्यांनी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही, आणि सप्टेंबरात ती कॉलेजसाठी कार्डिफला आली ती आलीच.

तिने ते लिहिलं. टोपी, वारा, हातमोजा, सगळं. लिहिताना रडली नाही. लिहून झाल्यावर कपातल्या कपात थंड झालेला चहा मात्र एका घोटात पिऊन टाकला, औषधासारखा. नाटकाचा शेवट फळी पुसणाऱ्या घड्याळजीवर झाला. आता ते कारिसला द्यायचं, कारिस आनंदाने नाचणार होती, शरदात रंगमंचावर येणार होतं. आणि पेनवेलिनमध्ये बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, दुकान बंद करून दोन वर्षं झाली होती, एलिनेदबाई दोन गल्ल्या सोडून राहत होत्या, आणि हे दोघं रविवारी चॅपेलच्या पायऱ्यांवर एकमेकांना मान लववत. तिने नाटक मोठ्या पाकिटात घातलं, बाबांचा पत्ता लिहिला आणि टपालपेटीत टाकल्यावर हात आत घालून ते परत निघेल का पाहिलं. निघत नव्हतं.

नऊ दिवस काही नाही. दहाव्या दिवशी फोन वाजला. ओल्वेन होती. ओल्वेन चिप्स, गावातलं तळलेल्या मासळीचं दुकान तिचं आणि गावची नाटक मंडळीही तिचीच. दोन्हीकडे ती सारख्याच आवाजात ओरडायची. "शनिवारी अडीच वाजता," ओल्वेन म्हणाली. "चॅपेलच्या मागचा हॉल घेतलाय. वाचन आहे तुझ्या नाटकाचं. तू ये."

"कुणी... तुला कुणी दिलं ते?"

"तुझ्या बापाने. पाकीट फोडलं आणि तसंच आणून दिलं. म्हणाला, नाटक वाचायचं नसतं, ऐकायचं असतं, तुम्ही वाचा, मी ऐकतो."

"म्हणजे त्यांनी वाचलेलं नाही?"

"पहिलं पानसुद्धा नाही. मी वाचलंय." फोनवर थोडा वेळ तेल तडतडण्याचा आवाज येत राहिला. "सगळं वाचलंय, मेरेरिद. ती सतरा वर्षांची मुलगी आहे ना, ती तू वाचायचीस. दुसऱ्या कुणी वाचली तर मार खाईल बिचारी."

चार तासांच्या बसमध्ये तिने नाही म्हणण्याचे अकरा प्रकार तयार केले. पण बस शेवटच्या वळणावरून खाली उतरली, नदी दिसली, पाटीच्या दगडांची ओली छपरं दिसली, आणि बसचालक मागे न बघता म्हणाला, "इद्वलची ना तू? आज अडीचला ना?" तेव्हा तिला उमगलं की नाही म्हणायला आता कुणी उरलेलंच नाही. हॉलमध्ये ओल्या कोटांचा, रॉकेलच्या शेगडीचा आणि चहाच्या पिंपाचा वास होता. ऐंशीएक माणसं. बाबा तिसऱ्या रांगेत कडेला बसले होते, टोपी गुडघ्यावर, दुकान नसल्यामुळे जरा लहान झाल्यासारखे. ती जवळ गेली. "बाबा, तुम्ही आधी वाचायला हवं होतं. यात तुम्ही आहात." "हो का?" बाबा म्हणाले, "मग मला माहीतच असेल." पहिल्या रांगेत, ऐकायला कमी येतं म्हणून, एलिनेदबाई बसल्या होत्या, काठी दोन्ही हातांत सरळ धरून, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारख्या.

तिच्या हातात तिचेच कागद आले आणि तिने पाहिलं की पानोपानी तांबडी पेन्सिल फिरली आहे. घड्याळजी खोडून खिळेवाला केलं होतं. स्प्रिंग जिथे जिथे होती तिथे बिजागरी. "ओल्वेन, हे काय?" "चुका होत्या," ओल्वेन म्हणाली, "सुधारल्या." खिळेवाला वाचायला गेथिन खाटीक होता, त्याने पहिल्याच वाक्याला चष्म्याच्या काडीवर बोट टकटक केलं, जे कागदावर कुठेच नव्हतं, आणि हॉल असा हसला की शेगडीवरची किटली हलली. मेरेरिदने घाबरून बाबांकडे पाहिलं. बाबा ताठ बसून ऐकत होते, कान किंचित पुढे, गिऱ्हाईक बोलत असताना ऐकायचे तसे. आणि हळूहळू तिची भीती कुठे गेली ते तिला कळलं नाही, कारण हॉलमधली माणसं नाटक बघत नव्हतीच, नाटकात होती. दोरखंडवाला आला तेव्हा मागून कुणी तरी ओरडलं, "हा मी!" आणि दुसऱ्याने सुनावलं, "गप रे, तू नाहीस, तुझा बाप आहे तो, तुला कुठे एवढं बोलता येतं?" एक बाई रुसली, मी रोज यायचे की रॉकेलला, माझं नाव नाही? ओल्वेनने कागद बाजूला ठेवून तिला सांगितलं की खरी नावं कुणाचीच नाहीत, आणि ती बाई म्हणाली, तरी पण. शहरातल्या अंधारात, मखमली खुर्च्यांवर, शेकडो माणसं श्वास रोखून तिची नाटकं पाहत तेव्हा तिला वाटायचं की याहून मोठं सुख लेखकाला नसेल. इथे तर खोकत होते, एकमेकांना कोपरखळ्या मारत होते, एक बाळ रडत होतं, आणि तिचं प्रत्येक वाक्य उडून कुणाच्या तरी अंगावर जाऊन बसत होतं, आपल्या माणसाला ओळखल्यासारखं. तिला वाटलं, हे मी लिहिलंच नाही, मी नुसतं परत आणून दिलंय.

मग शाळेचं फाटक आलं. बाईंची भूमिका ओल्वेन वाचत होती. मेरेरिद उभी राहिली. कागद दिसत नव्हता, पण तिला तो लागतही नव्हता. "बाई, तुमची बिजागरी येणार नाही," ती म्हणाली, आणि हॉलमधला खोकला थांबला. ती शेवटपर्यंत म्हणाली. लोक हसतात आम्हाला, हेही म्हणाली. पुढे गेथिनने फळी पुसली, हवेत, काही न बोलता, आणि मग कागद संपले. टाळ्या झाल्या नाहीत. सगळे तिसऱ्या रांगेकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. बाबा गुडघ्यावरच्या टोपीकडे बघत होते.

पहिल्या रांगेत काठी वाजली. एलिनेदबाई उठल्या, हळूहळू, आणि वळल्या, वर्गाकडे तोंड करून.

"एक चूक आहे," त्या म्हणाल्या. "या नाटकातल्या बाईला पोरीने सांगेपर्यंत बिजागरीचं काही कळत नाही. मी इतकी मठ्ठ नव्हते. दुसऱ्याच महिन्यात माझ्या बहिणीने अ‍ॅबरिस्टविथच्या दुकानातून मला अगदी तशी बिजागरी आणून दिली. कपाट तेव्हाच दुरुस्त झालं."

हॉलमध्ये एक लांब श्वास फिरला. अकरा वर्षं!

"माहीत आहे मला," तिसऱ्या रांगेतून बाबा म्हणाले.

"तुम्हाला कसं माहीत असेल, इद्वल?"

"त्या दुकानदाराकडे नव्हती ती. त्याने मला फोन केला. म्हणाला, तुमच्याच गावच्या शाळेतल्या बाईंच्या बहिणीला हवीय. मीच पाठवली." बाबांनी घसा साफ केला. "होती माझ्याकडे. शेवटची. पहिल्याच दिवशी खणात सापडली होती."

आता मात्र हॉल फुटला. गेथिन टेबलावर डोकं ठेवून हसत होता, ओल्वेन एप्रनने डोळे पुसत होती, कुणी तरी जिवाच्या आकांताने शेजारच्या बहिऱ्या म्हाताऱ्याच्या कानात ओरडून सांगत होतं, त्यानेच पाठवली, त्यानेच! एलिनेदबाई हसल्या नव्हत्या. त्यांनी वर्ग शांत होईपर्यंत वाट पाहिली.

"मग मला का नाही दिलीत तेव्हाच?"

"दिली असती तर दुसऱ्या गुरुवारी तुम्ही आला नसतात." बाबा आता उभे राहिले होते. "अ‍ॅबरिस्टविथला पाठवली त्या गुरुवारी मला वाटलं, संपलं. पण तुम्ही आलात."

"आले."

"आणि विचारलंत, आली का."

"विचारलं."

"मग मी काय म्हणणार?"

मग बाबा म्हणाले, "आणि नंतर थांबलात तेव्हा वाटलं, कंटाळलात. कंटाळणारच, अकरा वर्षं एकच बिजागरी." बाईंनी मान हलवली. "लोक हसतात याचं मला काही नव्हतं. लोक मला रोज हसायचे, माझ्यासमोर तीस बसायचे. पण पोर सांगायला आली होती. आई नसलेली पोर. तिला नको असेल तर नको, असं मी ठरवलं." आणि मग त्यांनी मेरेरिदकडे पाहिलं. "बाई, मी..." तिने सुरुवात केली. "तू गप्प बस," एलिनेदबाई म्हणाल्या. "तुझं उत्तर बरोबर होतं. कारखाना खरंच बंद पडला होता. बरोबर उत्तराला मी कधी शिक्षा केलेली नाही." बाबा म्हणाले, "सतरा वर्षांची होती हो ती." "तेच म्हणतेय मी," बाई म्हणाल्या, आणि त्या दोघांच्या या एवढ्याशा भांडणात, तिच्यावरून, तिच्यासमोर, मेरेरिदच्या छातीतलं काहीतरी पंचवीस वर्षांनी सुटलं, इतकं सहज, की तिला रडू येण्याऐवजी उचकी लागली.

चहाचं पिंप उघडलं. बाबा रांगेतून वाट काढत पुढे आले, टोपी हातात. "एलिनेद," ते म्हणाले, "चहा घेतेस का?" सगळा हॉल थबकला. मागच्या भिंतीशी कप मांडणाऱ्या बाईच्या हातातली बशी वाजली. अकरा वर्षांच्या गुरुवारांत आणि नंतरच्या पंचवीस वर्षांच्या रविवारांत त्या दोघांनी एकमेकांना तुम्हीखाली आणलेलं कुणी ऐकलेलं नव्हतं. "इथला नको," बाबा म्हणाले, "हा पिंपातला आहे. घरी." एलिनेदबाईंनी काठी डाव्या हातात घेतली, म्हणजे उजवा मोकळा झाला.

तिघं रस्त्याने चालत गेले, मेरेरिद दोन पावलं मागे. बाबांनी रस्त्याकडची पुढची खोली उघडली, जी फक्त पाद्री आला किंवा कुणी गेलं तरच उघडायची. मेरेरिदने किटली ठेवली, कप आणले, टिक्क्यांचा डबा आणला, आणि सवयीने दाराशेजारच्या बुटक्या स्टुलावर बसली. बाईंनी चहा ढवळला. बाबांनी ढवळला. मग एलिनेदबाई म्हणाल्या, "मेरेरिद, तू जरा बाहेर जा."

"कुठे?"

"कुठेही. तू ऐकतेस."

"जा, पोरी," बाबा म्हणाले, मान वर न करता. त्यांचे कान लाल झाले होते. "पुष्कळ ऐकलंस."

समोरच ओल्वेनचं दुकान होतं. संध्याकाळचं तेल तापलेलं, हॉलमधली निम्मी माणसं तिथे येऊन उभी, हातात चिप्सची पुडकी, आणि सगळ्यांची तोंडं खिडकीकडे. मेरेरिद आत शिरताच गेथिनने विचारलं, "काय बोलतायत?" "हाकललं मला," ती म्हणाली. "कशी गं तू! दाराशी उभं राहायचं थोडं!" ओल्वेनने तिच्यासमोर चिप्स ठेवल्या, मीठ मारलं, व्हिनेगर शिंपडलं. "बरं, नसेल ऐकलं तर नसेल. रच काहीतरी. तुझं कामच आहे ते. पुढचा अंक लागेल ना नाटकाला." मेरेरिदने एक चिप तोंडात टाकली, जीभ भाजली, डोळ्यांतून पाणी आलं. तिने मनात त्या खोलीत जाऊन पाहिलं, कारण असं जाणं तिला नेहमीच जमत आलं होतं. पण आज तिथे तिला नुसत्या दोन पाठी दिसल्या, आणि दोन कपांतून निघणारी वाफ, आणि पुढे काही ऐकू येईना, आणि ऐकू येत नाही याचा तिला इतका आनंद झाला की ती तोंडात घास असतानाच हसली. नाही, ती ओल्वेनला म्हणाली, नाटक फळीपर्यंतच, पुढचं त्यांचं. उद्या सकाळच्या बसने ती कारिसकडे जाणार होती, तांबड्या पेन्सिलीचे कागद घेऊन, आणि ती पेन्सिल तशीच ठेवणार होती.

"बघा, बघा!" कुणीतरी ओरडलं. समोर, लख्ख उजेडात, सहाही वाजले नव्हते, इद्वल खिळेवाला खिडकीशी आला, त्याने रस्त्यापलीकडे काचेला नाकं लावून उभ्या असलेल्या अख्ख्या गावाकडे शांतपणे पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

"भर दिवसा!" ओल्वेन म्हणाली.

मेरेरिदने खिडकीकडे पाठ केली आणि आणखी व्हिनेगर मागितलं.